आईची संदर्भसूची आणि माझा बॅकस्लॅश

सुरुवातीलाच कबुली देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर त्या माझ्या, आणि नाही सापडल्या तर ते श्रेय आईचं. तिने हा लेख लाल पेनाने तपासून दिलाय. (‘दिलाय’ नको, ‘दिला आहे’ असं लिही, हेही तिने समासात लिहिलं होतं. ते मी ऐकलेलं नाही.)

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत वाईला घरी गेले, तर घरात चकलीचा वास नाही आणि आई जेवणाच्या टेबलावर कागदांच्या गठ्ठ्यात डोकं घालून बसलेली. बाबांनी खूण केली, काही बोलू नकोस. आई ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी तिने पीएच.डी.ला नाव नोंदवलं. विषय : जात्यावरच्या ओव्या. दोन वर्षं दर रविवारी ती एसटीने आसपासच्या गावांत जाऊन म्हाताऱ्या बायकांसमोर मोबाईल धरून बसायची. आम्ही तिला चिडवायचो की आई दळायला गेली.

झालं होतं असं, की गाईडनी दुसऱ्या प्रकरणात एक पुस्तक वाढवायला सांगितलं. एकच! पण तळटीपांचे आकडे डीटीपीवाल्या दादाने हाताने घातलेले. म्हणजे सतरापासून दोनशे बारापर्यंत सगळे आकडे एकाने पुढे सरकवायचे. दादाने बिचाऱ्याने सरकवले, पण मधे कुठेतरी एक टीप सरकायची राहिली. तिथून पुढे प्रत्येक वाक्य शेजारच्याच्या नावावर जमा. सरोजिनी बाबरांचं मत साने गुरुजींच्या नावावर, साने गुरुजींचं रा. चिं. ढेऱ्यांच्या नावावर, आणि ढेऱ्यांचं एका म्हातारीच्या नावावर.

“एकाचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडी घातलंय गं मी,” आई म्हणाली. आवाज असा, जणू कुणाचं मंगळसूत्र हरवलं तिच्या हातून. मला मनात वाटलं, एवढं काय त्यात! आमच्याकडे अख्ख्या असाइनमेंट एकाच्या तोंडून पन्नास जणांच्या फाईलीत जातात आणि कुणाला झोप लागत नाही असं होत नाही. पण हे बोलले नाही. म्हटलं, “आई, आकडे घालणं हे माणसाचं कामच नाहीये. मशीनचं आहे. मी करून देते.”

या एका वाक्यापायी माझे पुढचे चार महिन्यांचे शनिवार-रविवार गेले.

माझ्या भरवशाचं कारण म्हणजे लाटेक. पाचव्या सेमिस्टरचा सेमिनार रिपोर्ट मी त्यात केला होता आणि तो इतका चकाचक दिसला की २५ पैकी २२ मिळाले. (या बावीस मार्कांकडे नंतर येते.) ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : डोनाल्ड कनूथ यांना १९७७ साली आपल्याच पुस्तकाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली आणि ती छपाई बघून त्यांचं डोकं फिरलं. मग स्वतःच अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर लिहायला बसले. सुट्टीच्या एका वर्षात संपेल असं वाटलं होतं, दहाएक वर्षं लागली. (“माझ्यासारखंच,” आई म्हणाली.) त्याचं नाव टेक. त्याच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ऐंशीच्या दशकात सोपा थर चढवला तो लाटेक. स्पेलिंगमध्ये शेवटी एक्स दिसतो, पण तो एक्स नव्हे, ते ग्रीक अक्षर आहे, आपल्या काय-स्क्वेअर टेस्टमधलं. त्यावरून आमचा असा संवाद झाला :

“मग शेवटचं अक्षर काय?”

“हो, काय.”

“अगं, मी विचारतेय, काय?”

बाबा पेपर घेऊन दुसऱ्या खोलीत गेले.

लाटेकमध्ये वर्डसारखं दिसेल तसं टाईप करत नाहीत. मजकूर साधा लिहायचा आणि मधे मधे बॅकस्लॅश घालून हुकूम सोडायचे. संदर्भ द्यायचा हुकूम म्हणजे ‘साईट’. आईला आधी बांधकामाची साईट आठवली. मी डिक्शनरी काढली तर मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ निघाला बोलावणं धाडणे. “म्हणजे साक्षीला बोलावणं. मग सरळ साक्ष म्हण की,” आई म्हणाली. तेव्हापासून आमच्या घरात त्याला साक्षच म्हणतात.

साक्षीची पद्धत मला अजूनही फार आवडते. सगळी पुस्तकं एका वेगळ्या फाईलीत लिहून ठेवायची, प्रत्येकाला एक टोपणनाव द्यायचं. लिहिताना फक्त टोपणनावाने हाक मारायची. पहिल्या फेरीत लाटेकला काहीच माहीत नसतं, म्हणून ते जाड ठशात प्रश्नचिन्ह छापतं आणि कुणाकुणाला हाक मारली ते बाजूच्या एका फाईलीत टिपून ठेवतं. मग बिबटेक नावाचा दुसरा प्रोग्राम (ओरेन पटाश्निक, १९८५) ती टिपणं वाचतो, नेमकी तेवढीच पुस्तकं शोधून आणतो आणि यादी लावतो. मग परत लाटेक, आणि आणखी एकदा लाटेक. प्रश्नचिन्हं गळून पडतात, तिथे आकडे येतात. मधे दहा पुस्तकं घाला नाहीतर काढा, एकाचं बोलणं दुसऱ्याच्या नावावर जाणं शक्य नाही. आईने हे नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि टोपणनावच चुकीचं लिहिलं तर?” तर चुकीचाच साक्षीदार येणार. मशीन तरी काय करेल!

आकड्यांपुरतं सगळं सोपं होतं. आमच्या इंजिनिअरिंगमध्ये चौकटी कंसात १७ लिहिलं की झालं. पण आईच्या गाईडनी आता तळटीपा नकोत म्हटलं, वाक्यातच नाव आणि साल हवं. आणि इथे माझा गाडा रुतला.

इंग्रजीत यासाठी तयार हुकूम आहेत. पॅट्रिक डॅली यांच्या नॅटबिबमध्ये ‘साईटटी’ आणि ‘साईटपी’ असे दोन. टी म्हणजे टेक्स्ट, पी म्हणजे कंस. पहिल्याने ‘कनूथ (१९८४)’ येतं, कारण नाव वाक्याचा भाग आहे. दुसऱ्याने ‘(कनूथ, १९८४)’ येतं, कारण नाव वाक्याबाहेर उभं आहे. दोन हुकूम का, तर व्याकरण दोन प्रकारचं आहे म्हणून. पुढे फिलिप लेहमन यांनी केलेल्या बिबलाटेकमध्ये तर टेक्स्टसाईट, पॅरेनसाईट, फूटसाईट आणि एक शहाणा ऑटोसाईट, जो कंस घालायचा की तळटीप हे स्टाईल बघून स्वतः ठरवतो. सगळं छान. मी आईचं पहिलं पान लावलं, प्रिंट काढली, आणि त्यात छापून आलं :

‘ढेरे (१९८४) नी म्हटले आहे की…’

त्या सुट्टीत आई पहिल्यांदा हसली ती इथे.

माझ्या लक्षात आलं, की हे हुकूम ज्यांनी घडवले त्यांच्या भाषेत नाव खांबासारखं ताठ उभं राहतं. ‘बाय’, ‘ऑफ’, ‘टू’ हे सगळे त्याच्या बाजूला येऊन उभे राहतात. फार तर शेवटी एक अपॉस्ट्रॉफी एस चिकटतो, आणि तेवढ्यासाठीही तिथे कसरत करावी लागते. मराठीत नावालाच वाकावं लागतं. ढेरेचं ढेऱ्यांनी होतं, बाबरचं बाबरांच्या होतं, आणि ते वाकलेलं नाव झाल्यावरच साल येऊ शकतं. म्हणजे नाव आणि कंस यांच्या मधे काहीतरी घुसवता येईल असा हुकूम हवा. तो कुठल्याच पॅकेजमध्ये मला सापडला नाही.

पहिला उपाय मी शोधला तो आळशी. प्रत्येक नावापुढे ‘यांनी’, ‘यांच्या’, ‘यांना’ लावायचं. मग नावाला हात लावायला नको. ‘ढेरे यांनी (१९८४)’. व्वा! पाच ओळींचा हुकूम, अर्ध्या तासात तयार. आईनेही मान डोलावली. पण चौथ्या पानावर ती थांबली. तिथे छापलं होतं, ‘अक्का यांनी (२०२३)’.

“अक्का यांनी काय! तलाठ्याची नोटीस आहे का ही?”

अक्का म्हणजे आईला सगळ्यात जास्त ओव्या देणाऱ्या आजी. वय चौऱ्याऐंशी. अख्खं गाव त्यांना अक्काच म्हणतं. त्यांनी कधी ‘अक्का यांनी’ केलेलं नाही. जे काही केलं ते ‘अक्कांनी’ केलं.

मग आईने कालनिर्णयच्या मागच्या पानावर घोडा-घोड्या, माणूस-माणसा, असं लिहून मला सामान्यरूप शिकवलं. विसाव्या वर्षी! आमच्या शाळेत मधल्या सुट्टीतसुद्धा मराठी बोललं तर एक रुपया दंड होता आणि मराठीचा तास म्हणजे बाईंनी फळ्यावर लिहून दिलेली उत्तरं. ‘ढेरेनी’ आणि ‘ढेऱ्यांनी’ यात काय बिघडतं ते मला कानाने कळायचं, पण त्याला नियम आहे हे माहीत नव्हतं. फोर्थ सेमला कंपायलरचं ग्रामर पाठ केलेली मुलगी मी.

नियम कळल्यावर आधी वाटलं, प्रोग्रामच लिहावा, जो कुठल्याही नावाचं सामान्यरूप काढेल. दोन रविवार त्यात घालवले. जोशी, कुलकर्णी, पाटील, रानडे इथपर्यंत जमलं. मग अपवाद यायला लागले आणि मी हात टेकले. बरं झालं टेकले. कारण खरा उपाय अगदी साधा होता : जे काढता येत नाही ते लिहून ठेवावं. बिबलाटेकमध्ये प्रत्येक नोंदीत युझर-ए ते युझर-एफ असे सहा रिकामे कप्पे असतात, ज्याचं त्याने काहीही भरावं. पहिल्या कप्प्यात मी सामान्यरूप भरलं. ढेरेच्या नोंदीत ‘ढेऱ्यां’, बाबरच्या नोंदीत ‘बाबरां’, अक्कांच्या नोंदीत ‘अक्कां’. पुढे ‘नी’, ‘ना’, ‘च्या’ जे हवं ते हुकूम सोडताना द्यायचं.

हुकूम घडवायला बिबलाटेकमध्ये ‘डिक्लेअरसाईटकमांड’ आहे. त्याला चार भाग द्यावे लागतात : सुरुवातीला काय करायचं, प्रत्येक साक्षीदारासाठी काय करायचं, दोन साक्षीदारांच्या मधे काय घालायचं, आणि शेवटी काय. आईला सांगताना मी गजऱ्याचं उदाहरण दिलं. पहिली गाठ, मग फूल, दोन फुलांच्या मधला पीळ, शेवटची गाठ. ती म्हणाली, ओवीसुद्धा ओवण्यावरूनच आलीये असं म्हणतात. मग तर हुकूम तिला एकदम घरचा वाटायला लागला.

तयार झालेल्या हुकमाचं नाव अर्थातच ‘साक्ष’. रोमन अक्षरांतच लिहायचं, पण साक्ष. टोपणनाव द्या, प्रत्यय द्या, झालं. ‘ढेऱ्यांनी (१९८४)’. ‘अक्कांच्या (२०२३)’. पहिल्यांदा ते पानावर आलं तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता आणि मी होस्टेलच्या गॅलरीत एकटीच टाळ्या वाजवल्या.

त्रास संपले नाहीत. या हुकमांची एक खोड अशी, की कळफलकावरचा एकच चौकटी कंस दिला तर त्यातलं शेवटी छापतात, म्हणजे पान क्रमांक. दोन दिले तर पहिला आधी, दुसरा शेवटी. त्यामुळे नुसतं ‘पाहा’ लिहायचं असेल तर पुढे एक रिकामा कंस ठेवावा लागतो. आई दर वेळी विसरायची आणि ‘पाहा’ नेमकं सालाच्या मागे जाऊन बसायचं. दुसरं म्हणजे, पान क्रमांक दिला की ‘पृ.’ आपोआप लागायला हवं, पण देवनागरीत ४५ लिहिलं की ते आकडेच आहेत हे त्या बिचाऱ्याला पटेना. त्याच्या लेखी आकडे म्हणजे फक्त इंग्रजी. शेवटी आकडे इंग्रजीत टाईप करून छापताना देवनागरी करायचे, असा मांडवली केली.

आणि साने गुरुजी! पहिली पूर्ण यादी छापली तेव्हा ‘ग’मध्ये दिसलं : ‘गुरुजी, साने’. बिबटेकच्या परंपरेत शेवटचा शब्द तो आडनाव. आईने कपाळाला हात लावला. उपाय सोपा निघाला, नावाभोवती महिरपी कंसांची आणखी एक जोडी घालायची म्हणजे ते नाव फोडत नाही. पण त्यावरून आमच्यात मोठी चर्चा झाली, की आपल्याकडे किती जणांना आडनावाने कुणी ओळखतच नाही. ज्ञानेश्वर, जनाबाई, तुकाराम. यांना साक्षीला बोलवताना नाव एका शब्दाचं असेल तर ठीक, मागेपुढे आणखी शब्द लावला की कंसांची घोंगडी पांघरावी लागते.

याच सुमारास आईने माझी वही वाचली. तिला हुकूम पाठ करायचे होते. एका पानावर मी ‘नोसाईट’ लिहिलं होतं, कंसात तारा.

“हे काय?”

मी सांगितलं. नोसाईट म्हणजे मजकुरात कुठेही साक्ष न काढता पुस्तकाचं नाव यादीत घालणे. आणि कंसात तारा टाकली की फाईलीतली झाडून सगळी पुस्तकं यादीत येतात.

“न वाचलेलीसुद्धा?”

“मशीनला काय कळणार वाचलंय की नाही.”

आई दोन मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, “तुझ्या सेमिनारच्या रिपोर्टात शेवटी एकतीस पुस्तकं होती. मी मोजली होती. आत्याला फोन करून सांगितलं होतं.”

मी मान खाली घातली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती उठून कुकर लावायला गेली.

आता अक्का. आईच्या गाईडचं म्हणणं असं, की संदर्भसूचीत छापील ग्रंथ हवेत. ज्या बायकांनी ओव्या सांगितल्या त्यांची नावं परिशिष्टात द्यावीत. अशी पद्धत असेलही. पण आई अडून बसली. तिचं म्हणणं, मी ढेऱ्यांचं वाक्य घेतलं तर त्यांचं नाव सूचीत, आणि अक्कांची चौदावी ओवी अख्खी घेतली तर अक्का परिशिष्टात, हे का? विश्वकोशातल्या नोंदीखालीसुद्धा लिहिणाऱ्याचं नाव असतं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांच्या प्रकल्पात एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या, २०१७ पासून त्या ‘परी’वर येताहेत, तिथे ओवीपाशी बाईचं नाव आणि गाव आहेच की. गाईड शांतपणे म्हणाले, “संदर्भ का देतात? वाचणाऱ्याला मूळ ठिकाणी जाऊन तपासता यावं म्हणून. पुस्तक ग्रंथालयात मिळेल. या बाई कुठे मिळतील?”

आई म्हणाली, “वाईपासून अकरा किलोमीटर. एसटी आहे.”

हा संवाद तिने मला फोनवर तीनदा सांगितला. पण तिसऱ्यांदा सांगताना आवाज उतरला होता. चौऱ्याऐंशी वय म्हणजे एसटी किती दिवस कामाची? गाईडचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. मग आम्ही नोंदीत आणखी कप्पे भरले : गाव, तारीख, आणि रेकॉर्डिंगचा क्रमांक. एकशे सहा रेकॉर्डिंगना क्रमांक घालून त्याच्या दोन प्रती केल्या, त्यातली एक तिच्या कॉलेजच्या ग्रंथपालांनी कपाटात ठेवून घेतली. आता साक्ष त्या आवाजापर्यंत पोचते.

राहिला प्रश्न नावाचा. नोंदीत पूर्ण नाव हवं असं मला वाटत होतं. म्हणून फेब्रुवारीत मी आईबरोबर अक्कांकडे गेले. जातं परड्यात पालथं पडलेलं. दळण गिरणीवर जाऊन कैक वर्षं झाली, पण ओव्या आहेत. आईने विचारलं, “अक्का, तुमचं नाव कसं लिहू? पूर्ण?”

“म्हायेरचं का सासरचं?”

आई म्हणाली, कुठलंही. अक्कांनी सांगितलं की रेशन कार्डावर एक आहे, आधारवर दुसरं, आणि लग्नात बदललेलं नाव तर त्यांना कधी कुणी हाकच मारलं नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “ही लिवणार व्हय? मग अक्काच लिव्ह. त्येवढं मला ऐकू येतं.”

मी तसंच लिहिलं. महिरपी कंसाची जोडीसुद्धा लागली नाही, एकच शब्द.

यादी लावायला बिबटेकऐवजी बायबर वापरलं, कारण जुन्या बिबटेकला देवनागरीचा क्रम लावता येत नाही. बायबरला येतो. मी दोन पीडीएफ केल्या. एका ओळीचा फरक. एकीत अक्का आणि बाकीच्या बायका ‘मौखिक संदर्भ’ अशा वेगळ्या मथळ्याखाली, दुसरीत सगळे एकत्र. आईने दोन्ही गाईडकडे नेल्या. त्यांनी दुसरी उघडली. एकत्र यादीत सगळ्यात वरती, ढेरे, बाबर, साने गुरुजी सगळ्यांच्या आधी, पहिल्या ओळीत अक्का. गाव, तारीख, रेकॉर्डिंग क्रमांक.

गाईडनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि म्हणाले, “अकारविल्हे लावली तर असंच येणार म्हणा.”

राहू द्या, असं ते म्हणाले नाहीत. काढा असंही म्हणाले नाहीत. थिसिस आता बाइंडिंगला आहे, एकत्र यादीचीच.

आणि ते बावीस मार्क. होस्टेलवर परत आले त्या रात्री मी सेमिनारची जुनी फाईल उघडली, नोसाईटची ओळ पुसली आणि पुन्हा चालवली. लाटेक, बिबटेक, लाटेक, लाटेक. यादीत चार नावं उरली. त्यातल्या एका पेपरचा मी फक्त सारांश वाचला होता. सरांना अजून सांगितलेलं नाही. ते मॅगझिनचा मराठी विभाग वाचतात की नाही, हे मला ठाऊक नाही.